बांधाआडचं गाव : फ्लातेरीच्या प्रकल्प-नोंदी

९ सप्टेंबर

कामाचं नाव ठरलं : 'फ्लातेरीचा वापर-नकाशा'. आइसलँडच्या वायव्य टोकाला, वेस्टफ्योर्ड भागात, दोनेकशे वस्तीचं हे गाव. इथे कोण कुठे जातं-येतं, कुठली जागा कोणत्या ऋतूत कशासाठी वापरली जाते, ते नकाशावर उतरवायचं. ईसाफ्योर्दुरच्या विद्यापीठ केंद्रात किनारी वस्त्यांवरचा मास्टर्सचा अभ्यासक्रम आहे, त्यातलंच हे काम. प्रबंध इंग्रजीत जाईल. नोंदी मात्र मराठीत ठेवतेय. दिवसभर दोन परक्या भाषांत डोकं शिणल्यावर संध्याकाळचा हिशेब तरी आपल्या भाषेत मांडावा.

आधी जागा लिहून ठेवते. ओनुंदर फ्योर्ड ही डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. तिच्या उत्तर काठावरून वाळूगोट्यांचा एक दांडा पाण्यात घुसलाय, गाव त्या दांड्यावर. पाठीला टेकून डोंगर, सहाशे मीटरच्या वर, माथा अगदी सपाट. आमच्या रत्नागिरीकडे याला सरळ सडा म्हणतील. १७९२ पासून इथे व्यापाराचं ठाणं आहे. चर्च, शाळा, पोहण्याचा तलाव, पेट्रोल पंप, किराणा, एक खानावळ, बंदर. मोठा दवाखाना, बाजारहाट, सरकारी काम म्हटलं की ईसाफ्योर्दुर, बावीस किलोमीटर, मधे बोगदा. १९९६ पासून गाव त्याच नगरपालिकेत आहे, आणि याबद्दलची कुरकुर अजून ताजी आहे.

घरमालकीण पंच्याहत्तरीची. तिला पाच वर्षांची पोरंसुद्धा नुसत्या नावाने हाक मारतात. इथे बहुतेकांना आडनावच नसतं, फोनच्या यादीतही पहिल्या नावाने शोधायचं. मला काही केल्या जमत नाही. मी नाव टाळते आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन खोकते.

११ सप्टेंबर

बेस मॅप तयार. सरकारी भूमापनाचा डेटा इथे खुला आणि फुकट आहे, कंटूर, इमारती, रस्ते सगळं. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तासाभरात गाव उभं राहिलं. अशा वेळी आपल्याकडच्या तलाठी कार्यालयातले हेलपाटे आठवतातच, असो.

त्यावर १९९५ च्या आधीचा नकाशा अर्धपारदर्शक करून ठेवला. खालचा भाग, बंदराकडचा, घराला घर जुळतो. वरच्या बाजूचे रस्ते मात्र आजच्या नकाशात मधेच तुटतात आणि पुढे गवत. तिथे घरं होती. २६ ऑक्टोबर १९९५ च्या पहाटे चारच्या सुमारास स्कोल्लाक्विल्फ्त नावाच्या घळीतून बर्फाचा कडा सुटला. गाव झोपेत होतं. वीस माणसं गेली. लिहायला सगळ्यात अवघड गोष्ट ही की गाडली गेलेली बहुतेक घरं त्या वेळच्या धोक्याच्या रेषेच्या बाहेर होती. म्हणजे कागदावर सुरक्षित.

या लेयरला, म्हणजे नकाशावर चढवलेल्या या थराला, नाव काय द्यावं यावर बराच वेळ गेला. 'उद्ध्वस्त घरं' हे बटबटीत वाटलं. 'जुनी वरची गल्ली' असं ठेवलंय. गावातले लोक तसंच काहीसं म्हणतात.

१३ सप्टेंबर

वारा. छत्री नावाची वस्तू इथे कोणाकडेच का नाही ते कळलं. काम शून्य. मालकिणीने सुकवलेला मासा, हार्दफिस्कुर, हातोडीने ठेचून दिला आणि वर जाडसर लोणी लावून खायचा असतो हे दाखवलं. वास आपल्या सुक्या बाजारासारखाच, पण मीठ जवळपास नाही. नुसता थंड वारा आणि लाकडी फळ्यांची, मधे फटी ठेवलेली शेड, एवढ्यावर तो वाळतो.

१६ सप्टेंबर

बांधावर पूर्ण फेरी. हीच जागा सगळ्यात महत्त्वाची, म्हणून सविस्तर.

हे धरण नाही. मातीचे दोन वळवणारे बांध आहेत, प्रत्येकी साधारण ६०० मीटर लांब आणि १५ ते २० मीटर उंच. डोंगराच्या बाजूला ते एकमेकांना भिडतात आणि गावाकडे येताना फाकतात. त्या दोघांच्या मधे ३५० मीटर लांब आणि १० मीटर उंचीचा तिसरा, अडवणारा बांध. वरून इंग्रजी 'ए' दिसतो आणि गाव त्याच्या दोन पायांच्या मधे-खाली. काम १९९८ मध्ये पुरं झालं. कल्पना अशी की सुसाट येणारा बर्फ समोरून थोपवायला जायचं नाही, तिरक्या भिंतीने त्याचं तोंड फिरवून समुद्राकडे काढून द्यायचं. पूर्वेकडचा पाय स्कोल्लाक्विल्फ्तसाठी, पश्चिमेकडचा इन्रा-बायारगिल या दुसऱ्या घळीसाठी. बर्फ खरा तर घळीत पडतच नाही. तो सड्यावर पडतो आणि वारा तो ढकलत आणून कड्यावरून घळीत साठवतो. त्यामुळे इथल्या लोकांचा पहिला प्रश्न 'किती पडला?' हा नसून 'वारा कुठला?' हा असतो.

दोन्ही पाय पुढे कसोटीला लागले. फेब्रुवारी १९९९ मध्ये पूर्वेचा, फेब्रुवारी २००० मध्ये पश्चिमेचा, आणि दोन्ही वेळा बर्फ ठरल्याप्रमाणे वळला. त्यानंतर वीस वर्षं लोक निर्धास्त झोपले.

आता वापर. बांधाच्या गावाकडच्या उतारावर मेंढ्यांच्या वाटा आहेत, हिवाळ्यात पोरांची घसरगाडी याच उतारावर. माथ्यावर जायला पायवाट आणि वर बघायला लाकडी मंच. कुत्र्यांना फिरवणारे सकाळी, जोडपी संध्याकाळी. वरच्या बाजूला, म्हणजे बांध आणि डोंगर यांच्या मधे, ब्लूबेरी. आज तिथे एक बाई हाताएवढा फावड्यासारखा दात्यांचा डबा झुडपातून ओढत होती. एका ओढीत मूठभर फळं, पानांसकट. मी विचारलं, इथे भीती वाटत नाही? तिने माझ्याकडे, मग घळीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. "सप्टेंबरमध्ये?" म्हणाली.

नकाशावर ऋतू वेगळे दाखवायलाच हवेत हे यातून पक्कं झालं. एकच जागा, चार लेयर.

२० सप्टेंबर

आत खोऱ्यात मेंढ्या खाली आणायचा दिवस. उन्हाळाभर डोंगरात मोकळ्या सोडलेल्या मेंढ्या हाकत आणतात, गोल वाड्यात कोंडतात आणि कानावरच्या खुणा बघून ज्याच्या त्याच्या ओढून नेतात. प्रत्येक शेताची कान कापण्याची खूण वेगळी असते आणि त्या खुणांची छापील नोंदवही निघते. गावातले निम्मे लोक मदतीला, ज्यांच्याकडे एकही मेंढी नाही तेसुद्धा. मीही दोन शिंगं धरली. मेंढीने मला वाडाभर फिरवलं. मग मटणाचं सूप.

याच फ्योर्डमधल्या होल्त या ठिकाणी १६०५ साली ब्रिन्योल्वुर स्वेन्सोन जन्मला. पुढे तो स्काल्होल्तचा बिशप झाला आणि जुन्या काव्याचं सगळ्यात मोलाचं हस्तलिखित त्याने १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाला पाठवलं. हजार क्रोनाच्या नोटेवर त्याचंच चित्र आहे. वाड्यात एकाने खिशातून नोट काढून मला दाखवली आणि परत ठेवून दिली.

२४ सप्टेंबर

बंदरावरची आमिषाची शेड. इथे दिवसभर बसायची परवानगी मिळाली, अट एकच : हात रिकामे ठेवायचे नाहीत.

काम असं. लांब दोरी, तिला ठरावीक अंतरावर आखूड दोऱ्या, प्रत्येकीच्या टोकाला गळ. एका टोपल्यात असे चारशे-पाचशे गळ. अर्धवट गोठलेला बांगडा किंवा हेरिंग मासा सुरीने तिरका कापायचा, तुकडा कातडीकडून गळात दोनदा ओवायचा म्हणजे पाण्यात सुटत नाही, आणि दोरीचं वेटोळं टोपल्यात असं घालायचं की बोट पुढे जाताना ती सरळ सुटत जावी. गळ कडेला, एका दिशेला. एक गळ उलटा गेला तर समुद्रात अख्खी दोरी गुंता होऊन येते आणि तो कोणाच्या टोपल्यातला हे लगेच कळतं. पैसे टोपल्यामागे. समोर एक पोलिश जोडपं, दोघं वर्षानुवर्षं हेच करतायत, बोटं बघायलाही मिळत नाहीत इतक्या वेगात. कोपऱ्यात एक निवृत्त खलाशी, त्याला गरज नाही पण घरी करमत नाही. रेडिओ चालू. माझं एक टोपलं व्हायला जेवणाची वेळ झाली आणि खलाशाने ते निमूटपणे पुन्हा उलगडून लावलं.

बोलणं शेवटी कोट्यावर येतंच. १९८४ मध्ये मासेमारीला कोटा, म्हणजे कोणी किती मासा पकडायचा त्याचा ठरलेला वाटा, लागू झाला, १९९० च्या कायद्याने तो मोकळेपणाने विकता-घेता येऊ लागला. कोटा बोटीच्या मालकाचा, गावाचा नाही. २००७ मध्ये इथल्या सगळ्यात मोठ्या मासे-कंपनीने बोटी आणि कोटा विकून टाकला आणि एवढ्याशा गावात शंभरावर माणसांचं काम गेलं. मासा खिडकीतून दिसतो तिथेच आहे, पकडायचा हक्क दुसऱ्या गावाला गेला. त्यानंतर सरकारने २००९ पासून उन्हाळी किनारी मासेमारीची सोय केली. मे ते ऑगस्ट, छोटी बोट, चारच गळयंत्रं, एका फेरीला चौदा तास. लहान गावांना थोडा राखीव कोटाही मिळतो. खलाशी म्हणाला, "१९९५ नंतर लोक राहिले. २००७ नंतर गेले."

हे वाक्य प्रबंधात घ्यायचंय. परवानगी विचारली, तर म्हणाला नाव घालू नकोस, सगळ्यांना आवाजावरून कळेलच.

२७ सप्टेंबर

जुनं पुस्तकांचं दुकान. १९१४ पासून एकाच कुटुंबाकडे. आत लाकडी काउंटर, हिशेबाच्या वह्या, आणि जुनी पुस्तकं तराजूवर तोलून किलोने विकतात. शेजारच्या खोल्या पणजोबांच्या काळी होत्या तशाच ठेवल्यात. मी सव्वा किलो घेतली. आइसलँडिक येत नाही, पण त्यातल्या एकात १९५० च्या आसपासचे बंदराचे फोटो आहेत, तेवढ्यासाठी.

दुकानातच कळलेली गोष्ट : फ्योर्डमध्ये १८८९ मध्ये हान्स एलेफ्सेन या नॉर्वेजियन माणसाने देवमाशांचा कारखाना काढला. इथला धंदा संपल्यावर त्याचं ऐसपैस लाकडी घर नाममात्र किमतीत हान्नेस हाफस्तेन या आइसलँडच्या पहिल्या मंत्र्याला गेलं. घर उचकटून रेक्याविकला नेलं. आज सरकार तिथे पाहुण्यांचं स्वागत करतं. फ्लातेरीकर हे फार सहज सांगतात, पण सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

२ ऑक्टोबर

आजपासून नवा लेयर : उजेड.

हे आधीच्या आराखड्यात नव्हतं. रात्री नऊला फिरताना दिसलं की वरच्या दोन गल्ल्यांत सलग काळोख आहे. घरं उत्तम, पत्रे नव्याने रंगवलेले, पडदे स्वच्छ. मालक रेक्याविकला किंवा परदेशात, जुलैत येतात. मालकीण खिडकीतून बोट दाखवत सांगत गेली, कोण कधी गेला, कोणी कोणाला विकलं. मी घरांवर टिंबं देत गेले : पिवळं, राखाडी, आणि 'कधी कधी' साठी केशरी.

दुसऱ्या बाजूला, २०१८ पासून गावात लोकशाळा आहे. परीक्षा नाही, मार्क नाहीत. अठरा वर्षांवरची मुलं एक शैक्षणिक वर्ष येऊन राहतात, डोंगर, समुद्र, सिनेमा, संगीत असलं शिकतात. शरद ऋतूत गावाची लोकसंख्या एकदम वाढते आणि सरासरी वय धाडकन खाली येतं. किराणावाल्याने पिझ्झाच्या पिठाची ऑर्डर वाढवली. म्हाताऱ्यांची एकच तक्रार : तलावाच्या गरम टबात बसायला जागा नसते. टब म्हणजे इथला पार. निवडणूक, लग्न, बोटीचं इंजिन, सगळं मानेपर्यंत पाण्यात बसून ठरतं. माझ्या निम्म्या मुलाखती तिथेच झाल्या, वही भिजवून.

८ ऑक्टोबर

ईसाफ्योर्दुरला हवामान खात्याच्या हिमस्खलन कचेरीत. गावोगावी खात्याचा एक निरीक्षक असतो, स्थानिकच माणूस, बाकी वेळ त्याचा वेगळाच धंदा. हिवाळ्यात तो डोंगराच्या उतारात रोवलेले खांब दुर्बिणीतून वाचतो, खड्डा खणून बर्फाचे थर बघतो, हातोहात खात्याला कळवतो. तीस ते पन्नास अंशांचा उतार सगळ्यात वाईट. त्याहून कमी असेल तर बर्फ बसून राहतो, जास्त असेल तर साठतच नाही.

नियम समजून घेतले. १९९५ मध्ये जानेवारीत सूदाविक या याच भागातल्या गावात चौदा आणि ऑक्टोबरात फ्लातेरीत वीस माणसं हिमस्खलनात गेल्यावर देशाने सगळी पद्धत बदलली. १९९७ चा कायदा, २००० चे नियम. आता विचार असा होतो : या घरात राहणाऱ्या माणसाचा एका वर्षात हिमस्खलनाने मृत्यू व्हायची शक्यता किती? दहा हजारांत ०.३ पर्यंत चालेल. त्यावर ए, बी, सी असे पट्टे. दहा हजारांत तीनच्या वर गेलं की सी, तिथे नवं घर नाही. खर्चासाठी निधी आहे, त्यात देशातल्या प्रत्येक विमा उतरवलेल्या इमारतीमागे विमा मूल्याच्या हजारात ०.३ असा कर जातो. रेक्याविकच्या सपाट वस्तीतला फ्लॅटवालाही भरतो. बांधाचा नव्वद टक्क्यांपर्यंत खर्च निधीचा, बाकी नगरपालिकेचा.

मग २०२०. १४ जानेवारीच्या रात्री अकराच्या सुमारास दोन्ही घळी काही मिनिटांच्या अंतराने सुटल्या. पूर्वेचा बर्फ बांधाने वळला आणि थेट बंदरात गेला, बोटी बुडाल्या. पश्चिमेचा बराचसा वळला, थोडा बांधावरून उसळून पलीकडे पडला आणि पहिल्याच घरात शिरला. घरातली एक शाळकरी मुलगी गाडली गेली. फ्योर्डच्या कडेने येणारा रस्ता हिमस्खलनाच्या धोक्याने आधीच बंद होता, बाहेरून कोणी पोचणं शक्य नव्हतं. गावातल्या बचाव पथकाने, म्हणजे शेजाऱ्यांनीच, तिला जिवंत काढलं. तटरक्षक दलाचं 'थोर' जहाज मदत घेऊन समुद्रातून आलं ते नंतर. पुढे बांधांची फेरतपासणी झाली, वरच्या बाजूला बर्फाचा जोर मोडणारे मातीचे सुळके घालायचं ठरलं.

परतताना बसमध्ये उजेडाचा लेयर आणि २०२० चा बर्फ कुठे शिरला ते, दोन्ही एकावर एक ठेवून बघितलं. पश्चिमेच्या बांधाला लागून असलेल्या भागात राखाडी टिंबं दाट आहेत. बचाव पथक पूर्णपणे स्वयंसेवकांचं. देशभर ही पथकं नववर्षाचे फटाके विकून आपला बराच खर्च काढतात. उपकरणं आहेत, गाडी आहे. पण रात्री अकराला दार उघडून बाहेर यायला आत माणूस हवा. माझा मुद्दा हा आहे, इतके दिवस तो नकाशात दिसत होता, नीट वाचता येत नव्हता.

१२ ऑक्टोबर

सूदाविक. इथे उलटा निर्णय झाला : बांध न घालता गावच उचललं, जरा पुढे एरारदालुरला नवं वसवलं. जुनं गाव पाडलं नाही. घरं उभी आहेत, बागा राखलेल्या आहेत, फक्त १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल तिथे मुक्काम करायचा नाही. उन्हाळ्यात लोक येतात, कपडे वाळत घालतात, गवत कापतात. नव्या गावात ध्रुवीय कोल्ह्यांचं छोटं केंद्र आहे, तिथे कॉफी घेतली. कोल्हा झोपला होता.

फ्लातेरीला गाव का हलवलं नाही? दांड्याशिवाय सपाट जागा नाही, बंदर तिथेच, आणि लोकांना नको होतं. या तीन कारणांचा क्रम प्रत्येक जण वेगळा लावतो.

इथे येण्याआधी मी पुण्यात पुनर्वसनाच्या फायलींवर काम केलंय, तेव्हा माळीण (३० जुलै २०१४, १५१ जीव) डोक्यातून जाणं शक्य नाही. आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली तेव्हा ती वाडी धोक्याच्या यादीत नव्हती. फ्लातेरीची रेषा आणि इर्शाळवाडीची यादी, दोन्हीकडे कागदाने धोका जिथे संपवला त्याच्या पलीकडे तो होता. वाडीला गाडीरस्ता नव्हता, चढून आधी पोचले ते आसपासचे गावकरी आणि ट्रेकर मंडळी. फरक मोठे आहेत, पैशाचे तर आहेतच, आणि जमीन कोणाच्या नावावर हा आपला पहिला प्रश्न इथे बराच नंतर येतो. तुलनेचं स्वतंत्र प्रकरण करू नये असं मार्गदर्शकांचं मत. पटलं. तळटीप.

१८ ऑक्टोबर

बोगद्याचा लेयर. १९९६ चा, एकूण नऊ किलोमीटर, तोंडं तीन : ईसाफ्योर्दुरकडचं, सूदुरेइरी या दुसऱ्या गावाकडचं, आणि आमच्याकडचं. डोंगराच्या पोटातच तिठा आहे. ईसाफ्योर्दुरकडून तिठ्यापर्यंत दुहेरी, पुढचे दोन्ही फाटे एकेरी, थोड्या थोड्या अंतरावर खाचा. खाच ज्याच्या उजव्या हाताला त्याने थांबायचं. खणताना मोठा झरा फुटला, तो अजून आत धबधब्यासारखा कोसळतो आणि ईसाफ्योर्दुर तेच पाणी पितं. याआधी सहाशे मीटर उंचीवरचा घाट होता, हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद.

पण बोगद्याच्या तोंडापासून गावापर्यंतचा उघडा रस्ता डोंगराखालूनच जातो. बंद होतो तो हा तुकडा. नकाशात लाल.

२६ ऑक्टोबर

आज कोणाला काही विचारलं नाही. चर्चजवळच्या शिळेशी गेले, नावं वाचली. आडनावं नसल्यामुळे कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाची मुलगी ते नावातच कळतं, त्यामुळे एका घरचे कोण कोण हे ओळखायला कोणी सांगावं लागत नाही.

२ नोव्हेंबर

मसुदा-नकाशा शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर पसरून ठेवला, शेजारी पेन्सिली. दुपारभर लोक येत राहिले. पोलिश बाईने आमिषाच्या शेडचं दार चुकीच्या बाजूला आहे म्हणून खोडलं. पोरांनी घसरगाडीची माझी एक रेघ काढून तीन नव्या घातल्या, त्यातली एक थेट पाद्र्याच्या अंगणात जाते. ब्लूबेरीवाल्या बाईने सगळ्यात चांगली जागा नकाशात आहे हे पाहून ती काढायला लावली. काढली.

उजेडाच्या लेयरभोवती आवाज चढले. रेक्याविकला राहणाऱ्या एका घरमालकाने, तो नेमका आला होता, विचारलं की कोणाचं घर रिकामं हे जगाला कशाला सांगायचं? बरोबर होतं त्याचं. दुसऱ्याने सुनावलं की तुझं रिकामं आहे हे सगळ्यांना माहीत आहे, छप्पर उडालं तेव्हा आम्हीच धरलं होतं. मग दोघं मिळून बाहेर सिगारेट ओढायला गेले.

बचाव पथकातली एक बाई मात्र बराच वेळ टेबलाशी उभी होती. ती म्हणाली, पूर्वी कोणत्या घरात कोण झोपलंय हे आम्हाला तोंडपाठ होतं. आता भाड्याने घेतलेली घरं आहेत, लोकशाळेची मुलं आहेत, शनिवार-रविवारी अचानक उगवणारे पाहुणे आहेत. शोध घेताना पहिल्या पाच मिनिटांत हवी असते ती यादी, आणि रिकाम्या घरात खणत बसणं परवडत नाही.

६ नोव्हेंबर

ठरलं ते असं. छापील नकाशात उजेडाचा लेयर घरवार दाखवायचा नाही. प्रबंधात गल्लीवार घनता द्यायची, तीही तीन छटांत, एकही घर ओळखू येणार नाही अशी. घरवार फाइल फक्त बचाव पथकाकडे. ज्यांची घरं आहेत त्यांना पत्र गेलंय, ज्याला नको त्याचं टिंब काढायचं. आतापर्यंत नकार एकच, आणि तो हॉलमधल्या त्या माणसाचा नाही.

उरलेलं काम : ऋतूंच्या चार लेयरचे रंग, कारण शरद आणि हिवाळा प्रिंटमध्ये सारखेच दिसतायत. तिठ्याचं चिन्ह. आइसलँडिक नावांची तपासणी, मालकीण करणार आहे, मोबदला म्हणून तिला गुळाची पोळी हवीये. गूळ ईसाफ्योर्दुरला मिळत नाही, तेव्हा घरून येणाऱ्या पार्सलची वाट बघायची.

पथकाचं म्हणणं आहे की ऑक्टोबरचा उजेड त्यांच्या कामाचा नाही, जानेवारीत, वादळी आठवड्यात, पुन्हा मोजायला हवा. तारखा त्यांच्या हवामानावर ठरतील. बसचं आरक्षण आत्ता करत नाही.